धाकटा की मधला?

कॅमेरा वहिनींना हवा होता, पैसे वहिनींचे होते आणि रविवारपासून फोटोग्राफीच्या वर्गाला जायचे होते तेही वहिनींनाच. त्यामुळे कॅमेरा निवडण्याची जबाबदारी चष्मेवाल्यांनी अंगावर घेतली, हे ओघानेच आले.

चष्मेवाल्यांचे दुकान रस्त्याच्या कोपऱ्यावर होते. पुढे काचेची कपाटे, त्यांत ओळीने मांडलेल्या फ्रेमा, काउंटरमागे वहिनी. आणि पडद्याआड एक अंधारी खोली, तिच्यात एक उंच खुर्ची आणि समोर अक्षरांचा तक्ता. या खोलीत चष्मेवाल्यांचे राज्य. गिऱ्हाइके त्यांना 'डॉक्टर' म्हणत. ते डॉक्टर नव्हते, पण लोकांचे मन कशाला मोडा, म्हणून त्यांनी कधी दुरुस्ती केली नव्हती. इतकी वर्षे ते माणसांच्या डोळ्यांपुढे एकामागून एक भिंगे धरून एकच प्रश्न विचारत आले होते, "हे बरं, का हे?" आणि एखादा बिचारा "दोन्ही सारखंच वाटतंय हो" म्हणाला, की त्यांच्या कपाळाला आठी पडे. "सारखं कसं असेल? दोहोंत एक उजवं असतंच. घाई करू नका. पुन्हा बघा." पन्नाशी उलटली तरी त्यांच्या स्वतःच्या नाकावर काच चढली नव्हती, आणि ही गोष्ट ते दिवसातून एकदा तरी कुणाला ना कुणाला ऐकवीत.

वहिनींचा चष्मा मात्र लग्नाआधीपासूनचा. अख्खा रस्ता त्यांना वहिनी म्हणे, म्हणून आपणही तेच म्हणू. नंबर लिहून घेणे, पाकिटांवरची बारीक अक्षरे वाचणे, कारखान्याला ऑर्डरी पाठवणे, हे सगळे त्यांच्याकडे. दुकानाची एक रीत होती. विक्रीचे पैसे गल्ल्यात जायचे आणि सैल स्क्रू, नाकाच्या गाद्या, मोडकी काडी असल्या किरकोळ दुरुस्तीचे पैसे वहिनींच्या डब्यात. लेक नोकरीसाठी परगावी गेली, घर मोकळे झाले, डबा भरत आला, आणि एके दिवशी वाचनालयाच्या दारावर पाटी दिसली की रविवारी सकाळी वरच्या हॉलमध्ये फोटोग्राफीचा वर्ग निघतो आहे. वहिनी त्याच पावली वर गेल्या आणि नाव घालून आल्या. दुसऱ्यांना स्वच्छ दिसावे म्हणून त्यांनी जन्मभर काचा पुसल्या होत्या. आता आपणही काहीतरी बघावे, असे त्यांना फार मनापासून वाटत होते. अट एकच होती. पहिल्या दिवशी स्वतःचा कॅमेरा घेऊन यायचे. जो आणणार नाही त्याची जागा मागे ताटकळणाऱ्याला मिळणार होती.

कॅमेऱ्याचा दुकानदार जुन्या ओळखीचा होता. त्याच्या नाकावरचा चष्माही यांच्याच दुकानातला. त्याने काचेवर दोन कॅमेरे मांडले आणि तिसऱ्याकडे नुसते बोट दाखवले.

"हा एन्ट्री लेव्हल. नव्यानं शिकणाऱ्याला भरपूर झाला. हा मिड रेंज. आणि तो आतल्या कपाटातला... तो फक्त बघून ठेवा."

"म्हणजे धाकटा, मधला आणि थोरला," वहिनी म्हणाल्या, आणि तिघांची नावे तिथल्या तिथे पडून गेली.

त्यांनी धाकटा उचलला, पट्टा गळ्यात अडकवला, रस्त्यावरून जाणाऱ्या एका सायकलवाल्यावर तो रोखला आणि म्हणाल्या, "हा बरा आहे. माझ्या डब्यात बसतो."

"अगं, थांब!" चष्मेवाले दचकले. "कॅमेरा आहे तो, भाजीची जुडी नाही. असं उचललं आणि पिशवीत टाकलं, असं नसतं." मग ते दुकानदाराकडे वळले. "या दोघांत फरक काय, ते सांगा आधी."

"फोटो दोघांचेही चांगले येतात. मधला भराभर काढतो, थोडी धूळ, थोडं पाणी सोसतो, आणि त्याला बटणं जास्त आहेत."

"बटणं जास्त म्हणजे चांगला?"

"बटणं वापरणाऱ्याला चांगला."

"आणि न वापरणाऱ्याला?"

"न वापरणाऱ्याला जड."

उत्तर इतके सरळ होते की चष्मेवाल्यांना संशय आला. सरळ उत्तर देणारा दुकानदार त्यांनी अजून पाहिला नव्हता, आणि दुकानदार काय असतो हे ते आतून ओळखून होते. त्यांनी दोन्ही कॅमेऱ्यांनी दुकानदाराचा एकेक फोटो काढला. धाकट्याच्या पाठीवरच्या छोट्या पडद्यावर दुकानदाराचा चेहरा पुसट आला. मधल्याचा पडदा मोठा होता. त्यावरही चेहरा पुसटच, पण निदान दुकानदाराचा आहे एवढे कळत होते. चष्मेवाल्यांनी ओठ आवळून मान हलवली. काय पाहिले ते मात्र बोलले नाहीत.

"दोन्ही घरी नेतो. जरा तपासून बघतो."

"तपासून? कॅमेरे?"

"भिंगं आहेत ना त्यांत? मग ते आमच्याच खात्यातलं काम."

"न्या," दुकानदार म्हणाला. "शनिवारी संध्याकाळी एक परत द्या आणि एकाचे पैसे द्या."

वहिनींनी धाकटा गळ्यातून काढून परत खोक्यात ठेवला. तो त्यांनी ज्या हळुवारपणे ठेवला, ते पाहूनच पुढचा सगळा घोळ टळायला हरकत नव्हती. पण चष्मेवाले मधल्याचे खोके काखेत मारून केव्हाच बाहेर पडले होते.

घरी मेहुणा येऊन बसला होता. वहिनींचा हा धाकटा भाऊ. दुसऱ्याने पैसे कसे खर्च करावेत या विषयात त्याचा हात धरणारा कुणी नव्हता. त्याने दोन्ही खोकी उघडून बघितली आणि लगेच निकाल दिला.

"दाजी, माझं ऐका. घ्यायचा तर मधलाच. धाकटा घ्याल आणि वर्षभर हळहळत बसाल."

"माझ्या डब्यात धाकट्यापुरतेच आहेत," वहिनी म्हणाल्या.

"ताई, पैशाचं काय घेऊन बसलीस? पैसा काय, येतो आणि जातो."

"तुझा सध्या आलेला आहे का गेलेला?"

"सध्या गेलेला आहे," मेहुणा म्हणाला आणि चहाकडे वळला.

दुसऱ्या दिवशी दुपारच्या सुट्टीत चष्मेवाल्यांनी दुकानाचे दार अर्धे लोटले, अंधाऱ्या खोलीत एका स्टुलावर आधी धाकटा ठेवला, मग मधला ठेवला, आणि दोघांनाही समोरच्या तक्त्याचे फोटो काढायला लावले. मग त्यांच्या पाठीवरचे पडदे बघितले. सगळ्यात वरचे मोठे अक्षर दिसत होते. दुसरी ओळ चाचपडतच वाचावी लागत होती. तिसऱ्या ओळीपासून खाली नुसता धुरळा. धाकट्यात बारीक धुरळा, मधल्यात जरा जाडा.

"ये, बघ," त्यांनी वहिनींना बोलावले. "दोन्ही नापास."

वहिनींनी चष्मा सावरून बघितले. "मला तर अगदी तळाची ओळसुद्धा वाचता येतेय."

"तुला तक्ता पाठ आहे."

"आणि शेजारी भिंतीला भेग गेलीय, तीही दिसतेय. भेग काही मी पाठ केलेली नाही."

"हे बघ," चष्मेवाले शांतपणे म्हणाले. मोठ्या खटल्याचा निकाल सांगतानाच माणूस इतका शांत होतो. "तुला चष्मा आहे. चष्म्यातून काहीही बरंच दिसतं. साध्या डोळ्यांना जे दिसतं ते खरं. तुझं मत इथं धरता यायचं नाही."

चष्मा लावणाऱ्याचे मत न धरणारा चष्मेवाला वहिनी पहिल्यांदाच बघत होत्या. हसावे की चिडावे हे त्यांना ठरवता येईना, म्हणून त्यांनी जाऊन काउंटर पुसला.

पण चष्मेवाले मुळात न्यायी गृहस्थ होते. एकट्याच्या मतावर कुणाला नापास करणे त्यांना पटेना. "उद्या येणाऱ्या गिऱ्हाइकांनाच दाखवतो," ते म्हणाले. "तिऱ्हाईत माणसं. ना कॅमेरा घ्यायचा ना विकायचा. खरं तेच बोलतील."

आता इथे दुकानाची आणखी एक रीत सांगायला हवी. गिऱ्हाईक आत तपासायला जाण्याआधी आपला जुना चष्मा काउंटरवर वहिनींच्या हवाली करी. वहिनी तो धुऊन, स्क्रू आवळून, पुसून लख्ख करून ठेवीत. ही सेवा फुकट होती आणि लोकांना फार आवडे. त्यामुळे अंधाऱ्या खोलीत जो जो शिरे, तो तो चाचपडत शिरे.

शनिवारी पहिले आले ते निवृत्त हेडमास्तर. ते खुर्चीत बसताच चष्मेवाल्यांनी दोन्ही कॅमेरे त्यांच्या पुढ्यात धरले.

"मास्तर, नंबर नंतर काढू. आधी हे सांगा. हे बरं, का हे?"

हेडमास्तरांनी एकेक कॅमेरा आधी नाकाला लावला, मग हातभर लांब नेला. "हा धूसर आहे. आणि हा... हाही धूसरच, पण जरा मोठा धूसर."

"मला तेच वाटलं होतं!"

"म्हणजे माझा नंबर वाढला?"

चष्मेवाले मधल्याकडे बघत विचारात पडले होते. ते नुसते "हं" म्हणाले. तपासणाऱ्याच्या तोंडून निघालेल्या 'हं'मध्ये माणसाला काय काय ऐकू येते, याची त्यांना कल्पना नव्हती. हेडमास्तर उतरल्या चेहऱ्याने बाहेर आले आणि वहिनींना म्हणाले, "नवा चष्मा करायला टाका. नव्या तपासणीत दोष निघालाय."

"कुठली नवी तपासणी?"

"कॅमेऱ्याची."

त्यांच्यामागून समोरच्या दुकानातला शिंपी आत गेला. त्याचे उत्तर आणखी नेमके होते. "पहिल्यात मुंग्या दिसतात, डॉक्टर. दुसऱ्यात मुंगळे."

"मग मुंगळे बरे म्हणायचे?"

"मला विचाराल तर दोन्ही नकोत." शिंप्याने दोन्ही कॅमेरे दूर सारले. "माझं सुईदोऱ्याचं काम आहे. खरं काय ते सांगून टाका. डोळे गेले का माझे?"

"छे, छे! तुमचा काही दोष नाही. दोष कॅमेऱ्याचा आहे."

"तुम्ही धीर देताय," शिंपी म्हणाला, आणि बाहेर येऊन त्यानेही नवा चष्मा टाकला.

हेडमास्तरांनी आयुष्यभर एक गोष्ट चाळीसजणांना एकदम समजावली होती. त्यांची ती सवय अजून गेली नव्हती. दुपारपर्यंत रस्त्यावर बातमी पसरली की चष्मेवाल्यांनी कसलेतरी नवे यंत्र आणले आहे. डोळ्यातला दोष त्यात फोटोसारखा उतरतो, आणि तेही फुकट. फुकट म्हटल्यावर ज्यांना दोष नव्हता त्यांनाही थोडा असावासा वाटू लागला. दुकानापुढे रांग लागली. लोक चष्मा काउंटरवर ठेवून आत जात होते, "दोन्ही धूसर" म्हणत होते आणि बाहेर येऊन नव्या चष्म्याची ऑर्डर देत होते. आत चष्मेवाल्यांना मात्र गहिवरून आले होते. घरच्या एका कॅमेऱ्यासाठी माणसे रांगा लावून मत द्यायला येतात, हा लोकांचा केवढा लोभ!

शेवटी वहिनींनी पडदा बाजूला केला. "अहो, जरा बाहेर या."

"काय आहे? मत घेणं चाललंय."

"आत येणाऱ्या सगळ्यांचे चष्मे माझ्यापुढे पडलेत."

"मग पूस की."

"पुसतेच आहे. पण ते इथं आहेत, म्हणजे लोकांच्या नाकावर नाहीत."

"नाहीतच!" चष्मेवाले अभिमानाने म्हणाले. "म्हणून तर मत निष्पक्ष येतंय. एकसुद्धा माणूस चष्म्यातून बघत नाहीये."

वहिनींनी हातातला चष्मा खाली ठेवला. चष्मेवाले तोवर उजेडात येऊन मधल्याचे खोके उलटसुलट करत त्याच्या पाठीवर काय छापले आहे ते बघू लागले होते. वहिनींनी त्यांच्याकडे काही वेळ नीट बघितले.  बाहेर येताना चष्मेवाल्यांनी धाकटा काउंटरवर ठेवला होता, तो वहिनींनी हातात घेतला आणि थोड्या वेळाने परत जागेवर ठेवला.

संध्याकाळी कॅमेऱ्याचा दुकानदार रांग मोडून आत घुसला. चांगलाच तापला होता.

"डॉक्टर, हे काय चाललंय? माझे कॅमेरे धूसर आहेत असं तुम्ही सांगत सुटलाय म्हणे? दुपारपासून तिघं येऊन गेले. धूसर न दिसणारा कॅमेरा दाखवा म्हणतात!"

"मी कुठं सांगतोय? जनता सांगतेय. हे घ्या, तुम्हीच बघा."

दुकानदाराने दोन्ही पडदे बघितले. "स्वच्छ आहेत की! तक्त्याच्या खाली छापखान्याचं नाव आहे, ते बारीक नावसुद्धा दिसतंय."

"तुम्हाला विकायचे आहेत. शिवाय तुम्हाला चष्मा आहे."

"चष्मा तुम्हीच दिलाय!"

रांगेतून कुणीतरी फिसकन हसले. इथपर्यंत प्रश्न कॅमेऱ्याचा होता. आता तो चष्मेवाल्यांच्या अब्रूचा झाला. चार लोकांपुढे माघार घेणे त्यांना शक्य नव्हते. त्यांनी खाकरून घसा साफ केला.

"माझा निकाल झालाय. धाकटा नको आणि मधलाही नको. घ्यायचा तर थोरला."

दुकानदाराचा राग कुठल्या कुठे गेला. "थोरला? मग तसं आधी बोलायचं ना! अहो, तुमच्यासारख्या जाणकाराला तोच शोभतो. लगेच बांधून—"

"लगेच नाही. पैसे साठवू. वर्षभरात जमतील. तोवर हे दोन्ही परत घेऊन जा."

दुकानदार पुन्हा पूर्वीसारखा झाला. "आत्ता दुकान उघडं टाकून आलोय. उद्या सकाळी घरी येऊन नेतो. दोन्ही," तो म्हणाला आणि पाय आपटत निघून गेला.

"उद्या माझा वर्ग आहे," वहिनी म्हणाल्या.

"वर्ग काय, पुढच्या वर्षी पुन्हा निघेल."

"माझी जागा उद्याच जाईल."

"अगं, तुझ्याच भल्यासाठी चाललंय ना हे सगळं? धूसर फोटो काढून चारचौघांत हसं करून घ्यायचं, त्यापेक्षा थांबलेलं काय वाईट?"

वहिनींना रडू येईल असे वाटले होते, पण त्याऐवजी राग आला. राग आला की त्या फार नीटनेटक्या होत. त्यांनी ज्याचा चष्मा त्याच्या हातात दिला, दिवसभरात आलेल्या ऑर्डरींची पाकिटे एकावर एक लावून बाजूला ठेवली, कपाटे बंद केली आणि "बरं" इतकेच म्हणाल्या. चष्मेवाल्यांना वाटले, पटले हिला. इतक्या वर्षांच्या संसारात बायकोच्या 'बरं'चा अर्थ लावायला ते अजून शिकले नव्हते.

रविवारी चष्मेवाले निवांत उठले. चहा थर्मासमध्ये भरून ठेवलेला होता. घरात कुणी नव्हते. टेबलावर मधला आपल्या खोक्यासह एकटाच बसला होता आणि शेजारी धाकट्याचे खोके होते, पण रिकामे.

चष्मेवाल्यांनी ते उलटे करून झटकून बघितले. बायको पैसे न देता दुसऱ्याचा कॅमेरा घेऊन गेली, आणि तो दुसरा आता दारात येऊन उभा राहणार! त्यांनी रिकामे खोके आधी झाकून ठेवले, मग ते आणखीच संशयास्पद दिसते असे वाटून उघडे ठेवले, आणि तेवढ्यात बेल वाजली.

"या, या," ते तोंडभर हसून दुकानदाराला म्हणाले. "चहा घेता?"

"कॅमेरा न्यायला आलोय."

"हो, हो. हा मधला. आणि धाकटा... तो जरा बाहेर गेलाय."

"माहीत आहे मला. वहिनींबरोबर गेलाय," दुकानदार खोके उचलत म्हणाला. "मी दात घासत होतो, तर दारात उभ्या. अख्खा डबाच हातात दिला माझ्या. झाला त्यांचा व्यवहार."

"धाकट्याचा? पण तो धूसर—"

"मी म्हटलं, वहिनी, मधल्याचं जमवून घेऊ, पैसे मागाहून द्या. तर म्हणाल्या, मधला चांगलाच आहे, पण दिवसभर गळ्यात मला अडकवायचाय. मान माझी आहे."

दुकानदार गेला. चष्मेवाले खुर्चीत बसून राहिले. चहा ओतला होता, पण तो प्यावासा वाटेना. त्यांनी हेडमास्तरांना विचारले होते, शिंप्याला विचारले होते, रस्त्यावरून जाणाऱ्या येणाऱ्याला धरून विचारले होते. जिच्या गळ्यात तो अडकायचा होता तिने पहिल्याच दिवशी उत्तर दिले होते, आणि ते त्यांनी मोजलेच नव्हते. आता ती तो धूसर कॅमेरा घेऊन अनोळखी माणसांत बसली असेल, तिचे फोटो बघून लोक हसत असतील, आणि ती बिचारी घरी येऊन सांगणारही नाही. चष्मेवाल्यांना मनापासून वाईट वाटले. अशा वेळी माणूस घर आवरायला घेतो, तसे त्यांनी घेतले, आणि वहिनींनी नीट लावलेल्या गोष्टी जागच्या हलवून ठेवल्या.

वहिनी दुपारी आल्या. पट्टा गळ्यात, चेहरा उन्हाने लाल झालेला, केस विस्कटलेले, आणि इतक्या खुशीत की चष्मेवाल्यांना क्षणभर लग्नानंतरचे दिवस आठवले.

"कसा झाला वर्ग?" त्यांनी भीतभीतच विचारले.

"छान."

"लोक... हसले का गं?"

"हसले की! सगळा हॉल हसला."

"तरी मी म्हणत होतो. धूसर फोटो—"

"धूसर कुठला? भिंतभर मोठा करून दाखवला सरांनी. नाव घातलं तेव्हाच सांगितलं होतं त्यांनी, रोज डोळ्यापुढे असतं पण आपण कधी नीट पाहत नाही, असं काहीतरी पहिल्या दिवशी काढून आणा. माझाच फोटो पहिला लावला."

"कशाचा काढलास?"

"बघा की." वहिनींनी कॅमेरा गळ्यातून काढून त्यांच्या हातात दिला.

पडद्यावर पुसट काहीतरी होते. चष्मेवाल्यांनी कॅमेरा जरा लांब नेला. मग हनुवटी वर केली, डोळे बारीक केले आणि हात होता तेवढा ताणला. आता आकार जुळू लागले. एक दुकान होते. काउंटर होता. काउंटरपुढे एक पोक्त गृहस्थ उभा होता. त्याची हनुवटी वर, डोळे बारीक, तोंड किंचित उघडे, आणि हातातले खोके हात पुरेल तितके लांब धरून तो त्यावरचे काहीतरी वाचायची शिकस्त करत होता. असले गिऱ्हाईक उंबरा ओलांडायच्या आत चष्मेवाले ओळखत.

"चाळिशी," ते सहज म्हणाले. "आणि आजची नाही. किती वर्षं अंगावर काढलीय बघ! काही काही माणसं कमालीची हट्टी असतात. कोण आहे हा?"

वहिनी समोरच्या खुर्चीकडे वळल्या.

"शर्ट ओळखीचा वाटतो," चष्मेवाले म्हणाले, आणि त्यांचा ताणलेला हात तसाच राहिला.

चष्मेवाले हळूच खुर्चीत टेकले. वहिनी समोरच्या खुर्चीत बसून पायातल्या चपला काढत होत्या.

"म्हणजे ते कॅमेरे..."

"दोन्ही चांगले आहेत."

"आणि काल मत द्यायला आलेली माणसं..."

"त्यांचे चष्मे माझ्याकडे होते."

"तू सांगत होतीस."

"सांगत होते."

चष्मेवाले एकदम ताडकन उठले. "अगं, पण त्या सगळ्यांनी नवे चष्मे टाकलेत! हेडमास्तर, शिंपी, ती रांगेतली माणसं... काचा कापल्या जातील! लोकांना काय तोंड दाखवू मी?"

"बसा. काही कापलं जात नाहीये. ती पाकिटं मी पाठवलीच नाहीत. उद्यापासून एकेकाला बोलवा, आधीचा चष्मा नाकावर ठेवा आणि नीट तपासा. शिंप्याला पहिला बोलवा, झोपला नसेल तो. कारखान्याला काल मी एकच ऑर्डर पाठवलीय."

"कुणाची?"

"तुमची."

"माझी?" चष्मेवाले परत खाली बसले. "माझा नंबर काढला कुणी?"

"रोज सकाळी तुम्ही पेपर धरून माझ्यासमोरच बसता की. दरवर्षी चार बोटं लांब जातो तो. इतकी वर्षं नंबर लिहितेय मी. हाताच्या लांबीवरून एवढंही कळणार नाही होय?"

चष्मेवाल्यांनी नकळत आपला हात लांब करून बघितला. नंबर बरोबर असणार याची त्यांना खात्री होती, आणि त्याचेच त्यांना जास्त लागले. तरी जाता जाता एक प्रयत्न करून बघावा म्हणून ते म्हणाले, "आणि फ्रेम?"

"निवडली."

"निवडली? अगं, पण दोन-चार लावून बघायला हव्या होत्या. असं एकदम—"

वहिनींनी त्यांच्या हातातून कॅमेरा काढून घेतला आणि पट्टा परत गळ्यात अडकवला. खिडकीतून दुपारचा उजेड खुर्चीवर तिरका पडला होता. त्या दोन पावले मागे सरकल्या.

"तसेच बसा. हलू नका."

चष्मेवाले हलले नाहीत.

"हनुवटी जरा खाली," वहिनी म्हणाल्या, आणि चष्मेवाल्यांनी ती मुकाट्याने खाली केली.